जिमच्या कपड्यांचा स्वतःचा ब्रँड: तिरुपूरच्या फॅक्टरीकडून माल बनवून घेताना

जिम चालवणाऱ्या, कोचिंग करणाऱ्या बऱ्याच जणांना आता स्वतःच्या नावाचे टी-शर्ट आणि लेगिंग काढायचे असतात. नाव ठरलेलं असतं, लोगो तयार असतो, डिझाईन मोबाईलमध्ये असतं. कुणीतरी तिरुपूरचा नंबर देतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातो, पलीकडून ‘होईल सर’ असं उत्तर येतं आणि अ‍ॅडव्हान्स पाठवला जातो. दोन महिन्यांनी येणारा माल दिसायला फोटोसारखाच असतो. पण स्क्वॉटला बसलं की लेगिंग आरपार दिसते, नाहीतर चार-पाच धुण्यांत गुडघ्यावर पिशव्या पडतात.

अशा वेळी फॅक्टरीने मुद्दाम फसवलेलं असतं असं क्वचितच घडतं. फोटोतून कापडाचं वजन कळत नाही, ताण कळत नाही, शिवण कोणत्या मशीनवर मारायची तेही कळत नाही. जे तुम्ही लिहून आणि मोजून दिलं नाही, ते फॅक्टरी आपल्या रोजच्या सवयीने भरून काढते. रोज सुती नाईटवेअर शिवणाऱ्या कारखान्याची सवय नाईटवेअरचीच असणार. म्हणून या कामात तुमची खरी मेहनत ऑर्डर देण्याआधीची आहे, आणि हा लेखही बराचसा त्याच भागावर आहे.

फॅक्टरीची गरज कधी पडते

सुरुवात पन्नास-साठ नगांची असेल, तर फॅक्टरीच्या वाटेला जाऊ नका. तयार कोरे टी-शर्ट घेऊन त्यावर छपाई करणं किंवा सब्लिमेशनवर माल काढणं पुरेसं आहे. आपल्याकडे मंडळांच्या कबड्डी-क्रिकेटच्या जर्सी याच सब्लिमेशनने होतात: पांढऱ्या पॉलिएस्टर कापडावर साधारण २०० अंश तापमानाला कागदावरचं डिझाईन उतरवायचं, मग कापून शिवायचं. कापड वेगळं रंगवावं लागत नाही, त्यामुळे वीस नगही निघतात. ही पद्धत पॉलिएस्टरवरच चालते आणि घट्ट कपड्यात कापड ताणलं की मधून पांढरं डोकावतं, हे मात्र ध्यानात ठेवा.

फॅक्टरी लागते ती बेतणी तुमची, कापड तुमच्या पसंतीचं आणि रंगही तुमचाच हवा असेल तेव्हा. म्हणजे एका स्टाईलचे, एका रंगाचे निदान तीनशे नग खपवण्याची तयारी हवी. तीनशेच का, त्याचा हिशोब पुढे येतो.

तिरुपूरच का, आणि तिथे काय वेगळं आहे

तमिळनाडूतलं तिरुपूर कोइम्बतूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. देशातल्या होजिअरी कपड्यांचं ते सगळ्यात मोठं केंद्र. विणाई, रंगाई, कॉम्पॅक्टिंग (धुतल्यावर आकसू नये म्हणून कापड आधीच दाबून घेणं), छपाई, भरतकाम, लेबल, इलॅस्टिक, खोके, सगळं एकाच गावात मिळतं. एक फॅक्टरी सगळं करते असं मात्र समजू नका. लहान आणि मध्यम कारखान्यांत बहुधा कटिंग, शिलाई, चेकिंग आणि पॅकिंग होतं. विणाई आणि रंगाई बाहेर जॉबवर्कला जाते. तुमचा माल अशा चार-पाच हातांतून फिरतो. प्रत्येक हाताला तोच लिखित कागद मिळाला नाही, तर चूक कुठे झाली हे शोधणं अशक्य होतं.

तिरुपूर मुळात सुती होजिअरीचं गाव. नायलॉन आणि पॉलिएस्टरचं ताणदार कापड तिथे आता होतं, पण बऱ्याचदा ते सुरतहून, लुधियानाहून किंवा आयात होऊन येतं. त्यामुळे सुती-लायक्रा, म्हणजे ताणणारा धागा मिसळलेल्या सुती कापडाच्या टी-शर्ट आणि ट्रॅक पँटसाठी तिरुपूरला तोड नाही. घट्ट लेगिंग आणि स्पोर्ट्स ब्रा काढायची असेल, तर ‘सिंथेटिकवर नियमित काम करता का?’ हा पहिला प्रश्न ठेवा.

तिथली रंगाई महाग वाटली तर त्यामागचं कारणही जाणून घ्या. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथल्या रंगाई कारखान्यांना टाळं लावायला लावलं होतं. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, या अटीवरच ते पुन्हा सुरू झाले. पाणी शुद्ध करून परत वापरण्याचा तो खर्च रंगाईच्या दरात असतो. कुणी फारच स्वस्तात रंगवून देतो म्हणालं, तर रंगाई कुठे होते ते विचारा. नदीचा प्रश्न तर आहेच, शिवाय पाण्यावर काटकसर करून धुतलेल्या कापडाचा रंग घामाने सुटतो.

कापड: इथे घाई करू नका

जिमच्या कपड्यात निम्म्याहून जास्त यश कापडाचं असतं. ‘ड्रायफिट द्या’ किंवा ‘फोर-वे लायक्रा द्या’ एवढ्यावर ऑर्डर देणं म्हणजे काहीच न सांगणं. तीन गोष्टी लिहाव्या लागतात: कशाचं कापड आहे, वजन किती आहे, वीण कोणती आहे, म्हणजे धागे कशा पद्धतीने विणले आहेत.

कशाचं, याचा संबंध घामाशी आहे. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून तासभर कार्डिओ केल्यावर सुती टी-शर्ट जड होऊन अंगाला चिकटतो, तर पॉलिएस्टर लवकर वाळतं. पॉलिएस्टरची खोड अशी, की त्यात घामाचा वास मुरतो. नायलॉन हाताला मऊ लागतं, घासलं तरी टिकतं, पण महाग पडतं. मला विचाराल तर वजनं उचलणाऱ्यांच्या सैल टी-शर्टसाठी ९५ टक्के कापूस आणि ५ टक्के लायक्रा चांगलं, धावणाऱ्यांसाठी बारीक जाळीचं पॉलिएस्टर चांगलं, आणि लेगिंगसाठी नायलॉन-स्पँडेक्स. लेगिंगमध्ये स्पँडेक्स २० ते २५ टक्के असावं. स्पँडेक्स म्हणजे तो ताणणारा धागा; लायक्रा हे त्याच्या एका ब्रँडचं नाव आहे, पण बाजारात सगळ्यालाच लायक्रा म्हणतात. धागा खरोखर कोणता आहे, ते बिलावर लिहून मागा.

वजन म्हणजे जीएसएम: एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅम. सैल पॉलिएस्टर टी-शर्टला १३० ते १६०, सुती-लायक्राला १८० ते २२०, लेगिंगला २३० ते ३०० हा वापरातला पट्टा आहे. फॅक्टरीत गोल जीएसएम कटर असतो. तो बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापतो; तिचं ग्रॅममधलं वजन गुणिले १०० म्हणजे जीएसएम. समोर उभं राहून कापायला लावा. एका जागी नको, रुंदीत तीन ठिकाणी. चकती २.६ ग्रॅम भरली तर २६० जीएसएम. सांगितलेल्या वजनापेक्षा ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्यापलीकडे गेला तर बोला, कारण वजनातली बचत म्हणजे थेट कापडातली बचत.

नमुन्याचं कापड हातात आलं की घरीच चार चाचण्या करा. त्यांना खर्च येत नाही, आणि पुढचे लाख रुपये त्यांवर ठरतात.

पहिली ताणाची. पेनाने १० सेंटिमीटरचं अंतर खुणा करून घ्या, कापड १५ सेंटिमीटरपर्यंत ताणून मिनिटभर धरा, सोडा, आणि आणखी मिनिटभराने मोजा. खुणांमधलं अंतर १० च्या जवळ यायला हवं. साडेदहाच्या पुढे राहिलं तर ते कापड लेगिंगसाठी घेऊ नका, गुडघे लोंबणारच. ही चाचणी लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे करा.

दुसरी आकसण्याची. कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, तुमचं गिऱ्हाईक ज्या पद्धतीने धुईल तसं तीनदा धुवा आणि वाळवा. चौकोन ४८.५ वर आला तर आकस ३ टक्के झाली. सुती-लायक्रात ५ टक्क्यांच्या वर गेली तर कॉम्पॅक्टिंग नीट झालेलं नाही. चौकोन तिरका झाला असेल, तर शिवलेल्या टी-शर्टची बाजूची शिवण धुतल्यावर पोटाकडे फिरून येईल.

तिसरी रंगाची. पांढरं सुती फडकं ओलं करून गडद कापडावर दहा वेळा दाबून घासा. फडक्यावर ठळक डाग पडला तर जिमच्या बाकावरही पडेल.

चौथी स्क्वॉटची. कापड हाताच्या पंजावर लेगिंगइतकं ताणून खिडकीशी धरा. गडद रंगात पास झालेलं कापड फिक्या रंगात नापास होऊ शकतं, म्हणून प्रत्येक रंगाची चाचणी वेगळी करा.

यानंतर मोठी ऑर्डर असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल मागा. घामाने रंग सुटतो का, गोळे येतात का, धुण्यात आणि घासण्यात रंग टिकतो का, या चाचण्यांची सोय तिरुपुरात आहे. रंगाच्या चाचणीत १ ते ५ गुण मिळतात, ५ सगळ्यात चांगला. धुणं आणि घाम यांसाठी ४ च्या खाली स्वीकारू नका.

कमीत कमी किती नग, हे कोण ठरवतं

‘शंभरच नग करा ना’ असं म्हटलं की फॅक्टरीवाला कुरकुर का करतो? अडचण शिलाईत नसते, रंगाईच्या भांड्यात असते. एका रंगाला एक भांडं लागतं, आणि ते अर्धं भरलं तरी पाणी, वाफ आणि वेळ जवळपास तेवढाच जातो. समजा भांडं १०० किलोचं आहे. २६० जीएसएमच्या एका लेगिंगला कटिंगच्या वाया जाणाऱ्या तुकड्यांसह अंदाजे ३०० ग्रॅम कापड लागतं, म्हणजे एका रंगात ३३० लेगिंग. हलक्या टी-शर्टला २०० ग्रॅम धरले तर ५०० टी-शर्ट.

यातून वाट काढता येते. टी-शर्ट आणि शॉर्ट्स एकाच कापडात आणि रंगात घ्या, भांडं दोघांत वाटलं जाईल. किंवा गिरणीकडे तयार असलेला काळा, नेव्ही, राखाडी घ्या. त्यात कमीत कमीची अट बरीच सैल होते. पहिल्या ऑर्डरला दोन स्टाईल आणि दोन रंग पुरे. पाच रंगांत प्रत्येकी पाच साईझ म्हणजे एका स्टाईलचे पंचवीस कप्पे झाले, आणि त्यातले कुठले पडून राहणार हे आज कुणालाच सांगता येत नाही.

टेक पॅक: तुमचा सगळ्यात महत्त्वाचा कागद

टेक पॅक म्हणजे कपड्याची संपूर्ण लिखित माहिती. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलच्या चार-पाच पानांत होतो. पुढची, मागची आणि आतली रेखाचित्रं. कापड, इलॅस्टिक, दोरा, लेबल, पिशवी यांची यादी, रंगासकट. मापांचा तक्ता. शिवणींचा तपशील. लोगो कुठे आणि किती मोठा. घडी आणि पॅकिंग.

मापांवर वेळ द्या. कपडा टेबलावर सपाट ठेवून माप घ्यायचं, आणि प्रत्येक माप कुठून कुठपर्यंत ते चित्रावर बाणाने दाखवायचं. ‘छाती २०’ एवढं लिहून भागत नाही. ‘काखेच्या शिवणीखाली २.५ सेंटिमीटरवर, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत’ असं लिहा. लेगिंगला कंबर न ताणता आणि ताणून, मांडी, गुडघा, घोटा, पायाची आतली लांबी, पुढची आणि मागची उंची ही मापं लागतातच. मागची उंची पुढच्यापेक्षा जास्त हवी, नाहीतर वाकलं की कंबर खाली सरकते. प्रत्येक मापाला किती फरक चालेल तेही लिहा: छातीला एक सेंटिमीटर, गळ्याला अर्धा. फरक लिहिलाच नसेल, तर नंतर भांडायला आधार राहत नाही.

साईझचा तक्ता परदेशी ब्रँडचा उचलू नका. तुमच्याकडे जिम आहे, म्हणजे माणसं समोर आहेत. तीस-चाळीस सदस्यांची छाती, कंबर, नितंब, मांडी आणि उंची मोजा. खांदे रुंद पण उंची कमी, कंबर बारीक पण मांड्या भरलेल्या, असे वजन उचलणाऱ्यांचे आकार बाजारातल्या तक्त्यात बसत नाहीत. मोठ्या ब्रँडच्या कपड्यांत न मावणारी ही माणसंच तुमची पहिली गिऱ्हाइकं आहेत. बायकांची मापं बाईनेच घ्यावीत, आणि कशासाठी घेतोय ते सांगून.

शिवणींचं थोडं तपशिलात सांगते, कारण जिमचा कपडा फाटतो तो बहुतेक शिवणीवर. सैल टी-शर्टच्या बाजूंना चार धाग्यांचं ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड गुंफत जाणारी शिवण, चालतं. लेगिंगला आणि अंगाला घासणाऱ्या जागी चार सुया आणि सहा धाग्यांची सपाट शिवण हवी, तिला फॅक्टरीत फ्लॅटलॉक म्हणतात. घोटाळा असा, की बाह्या-घेर दुमडायच्या साध्या मशीनलाही पुष्कळ ठिकाणी फ्लॅटलॉकच म्हणतात. म्हणून नावावर विसंबू नका, तयार शिवणीचा तुकडा कुरिअरने पाठवा आणि ‘अशीच’ म्हणून लिहा. इंचाला १२ टाके मागा. खालच्या धाग्यांना फुगीर पॉलिएस्टर दोरा असला, की शिवण ताणते आणि टोचत नाही. सुई गोल टोकाची हवी. टोकदार सुईने लायक्राचा धागा तुटतो आणि काही धुण्यांनी तिथे बारीक भोकं दिसू लागतात. लेगिंगच्या दोन्ही पायांच्या जोडावर चौकटीसारखा वेगळा तुकडा, म्हणजे गसेट, टाकायला सांगा. चार शिवणी एका बिंदूत आल्या की स्क्वॉटमध्ये नेमकं तिथेच उसवतं.

फॅक्टरी शोधणं आणि जाऊन पाहणं

नंबर मिळवणं सोपं आहे. इंडियामार्टवर शेकडो आहेत, पण त्यात फॅक्टरीवाले कमी आणि मध्यस्थ जास्त. मध्यस्थ वाईटच असतो असं नाही. तुम्ही पुण्यात किंवा नागपुरात बसून रोज लक्ष ठेवू शकत नसाल, तर दर नगामागे कमिशन घेणारा प्रामाणिक बायिंग एजंट फायद्याचाच ठरतो. फक्त तो एजंट आहे हे त्याने उघड सांगितलेलं असावं.

दर मागवताना तिघांना तोच टेक पॅक पाठवा. ज्याने उलट प्रश्न विचारले, त्याला वरचा गुण द्या. ‘कंबरेच्या पट्टीत इलॅस्टिक किती रुंद?’, ‘लोगो धुण्याआधी की नंतर?’ असं विचारणाऱ्या मास्टरने कागद वाचला आहे.

मग प्रत्यक्ष जा. मुंबईहून कोइम्बतूरला विमान आहे, रेल्वेही आहे. तिथे हिंदी बऱ्यापैकी चालते, कारण शिलाईवर बिहार-ओडिशाचे कामगार मोठ्या संख्येने आहेत. मालक आणि ऑर्डरचा पाठपुरावा करणारा मर्चंडायझर इंग्रजी बोलतात. फॅक्टरीत गेल्यावर ऑफिसात चहा घ्या, पण पाहायचं ते फ्लोअरवर. सपाट शिवणीच्या मशीन किती आहेत, आणि त्या चालू आहेत की झाकलेल्या? सध्या कोणाचा माल चालू आहे, आणि तो तुमच्यासारखा आहे का? कापडाचे रोल जमिनीवर पडलेत की फळीवर ठेवलेत? तुटलेल्या सुईची नोंद ठेवतात का? चेकिंगच्या टेबलावर उजेड पुरेसा आहे का? कामगारांच्या चेहऱ्याकडे आणि वयाकडेही पाहा. लहान मुलं दिसली, बाहेर पडायचा दरवाजा मालाने अडलेला दिसला, तर दर कितीही चांगला असो, तिथे काम देऊ नका. तुमचं नाव त्या कपड्यावर असणार आहे.

निर्यातीच्या मोठ्या फॅक्टऱ्या तीनशे नगांसाठी रिकाम्या नसतात. वीस-तीस मशीनचा, मालक स्वतः फ्लोअरवर फिरणारा कारखाना पहिल्या ऑर्डरला बरा. सवड मिळाली तर खादरपेठेच्या बाजारातही चक्कर मारा. निर्यातीतून उरलेला, परत आलेला माल तिथे विकला जातो. चांगल्या शिवणीचे नमुने गोळा करायला इतकी स्वस्त जागा दुसरी नाही.

नमुने: एकही पायरी गाळू नका

पहिला नमुना मिळेल त्या कापडात असतो, फक्त बेतणी पाहायला. दुसरा फिटचा, खऱ्या कापडात. तिसरा साईझ सेट: प्रत्येक साईझचा एकेक. आणि शेवटचा पीपी, म्हणजे उत्पादनाआधीचा नमुना: खरं कापड, खरा रंग, खरं लेबल, आणि शिलाई त्याच फ्लोअरवर. पहिले नमुने सॅम्पलिंगचा अनुभवी टेलर शिवतो. पीपी मात्र ज्या लाईनवर माल चालणार, तिथलाच हवा.

फिटचा नमुना मॉडेलला घालून फोटो काढण्यापुरता ठेवू नका. एखाद्या ट्रेनरला द्या, आठवडाभर त्यात व्यायाम करू द्या, रोज धुऊ द्या, मग पुन्हा टेबलावर मोजा. बारबेल खांद्यावर घेतल्यावर लोगो कुठे घासतो, हात वर केल्यावर टी-शर्ट पोटावरून किती वर जातो, डेडलिफ्टमध्ये कंबरपट्टी गुंडाळते का, हे आरशासमोर उभं राहून कळत नाही. मग सगळे बदल एकाच पत्रात, मापांसकट पाठवा. ‘थोडा ढिला करा’ याचा अर्थ प्रत्येक मास्टरचा वेगळा. ‘छाती दीड सेंटिमीटर वाढवा’ याचा एकच.

पीपी मंजूर झाला की दोन नगांवर सही, तारीख आणि ‘मंजूर’ लिहून मोहोरबंद करा. एक तुमच्याकडे, एक फॅक्टरीत. पुढे वाद झाला तर बोलणं त्या नगावरच होतं.

रंग आणि छपाई

रंग मोबाईलच्या पडद्यावरून सांगू नका. पँटोन या रंगांच्या ठरलेल्या तक्त्यातला कापडी क्रमांक द्या किंवा हव्या त्या रंगाच्या कापडाचा तुकडा पाठवा. रंगाईवाला लॅब डिप देतो: तीन जवळच्या छटा, ए, बी, सी. त्या दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाईटखाली आणि पिवळ्या दिव्याखाली पाहा. काही छटा उन्हात जुळतात आणि जिमच्या दिव्याखाली वेगळ्याच दिसतात.

पॉलिएस्टरवर छापणार असाल तर एक धोका आधीच सांगून ठेवते. गडद पॉलिएस्टरमधला रंग उष्णतेने वर सरकतो. मरून टी-शर्टवरचा पांढरा लोगो छापताना शुभ्र असतो, आणि खोका उघडेपर्यंत गुलाबी झालेला असतो. यावर उपाय म्हणजे कमी तापमानाला सुकणारी शाई, किंवा खाली रंग अडवणारा थर. नमुना छापल्यावर काही दिवस गरम जागी ठेवा आणि मगच मंजुरी द्या. घट्ट कपड्यावर छपाई कपड्याबरोबर ताणली पाहिजे. तिथे सिलिकॉनची शाई चांगली, प्लास्टिसोल ही प्लास्टिकची जाड शाई तडकते.

दर आणि पैसे

एकच आकडा घेऊ नका, फोड मागा. समजा, आणि हे आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून आहेत: लेगिंगला ३०० ग्रॅम कापड ६५० रुपये किलोने १९५ रुपये, कटिंग-शिलाई-पॅकिंग ७०, इलॅस्टिक-दोरा-लेबल-लोगो ३०, पिशवी आणि खोका १०. झाले ३०५. त्यावर ३ टक्के रिजेक्शन, मग १५ टक्के फॅक्टरीचा नफा, म्हणजे साधारण ३६१ रुपये. वर जीएसटी आणि वाहतूक. फोड समोर असली की दिसतं, की निम्म्याहून जास्त पैसा कापडात आहे. शिलाईत दोन रुपयांसाठी घासाघीस करण्यापेक्षा मार्करमध्ये, म्हणजे कापडावर तुकडे मांडायच्या आराखड्यात, कापड वाचवा. पट्टीचा जोड एक इंच सरकवल्यानेही फरक पडतो. शिलाईचा दर दाबला की टाके कमी होतात, एवढंच होतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के. विक्रीची किंमत ठरवताना ही रेघ ध्यानात घ्या. बिल तुमच्या जीएसटी क्रमांकावर घ्या, म्हणजे भरलेला कर वळता होतो.

अ‍ॅडव्हान्स ४० ते ५० टक्के द्यावा लागतो, कारण सूत आणि रंगाई फॅक्टरी रोखीने घेते. उरलेली रक्कम तपासणी पास झाल्यावर आणि माल निघण्याआधी द्या. खोकी गाडीत चढल्यावर हातात काही राहत नाही. परचेस ऑर्डरवर टेक पॅकचा क्रमांक, नग साईझवार, दर, तारीख, उशीर झाल्यास काय आणि खराब माल निघाल्यास काय, हे लिहा. पॅटर्न तुमच्या मालकीचा राहील, तुमच्या लोगोचा उरलेला आणि नापास माल बाजारात जाणार नाही, हीही दोन वाक्यं टाका. खादरपेठेत आपलाच लोगो दिसायला नको असेल तर ती लागतात. नाव नोंदवायचं राहिलं असेल तर ट्रेडमार्कच्या वर्ग २५ मध्ये अर्ज करा; व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाईन फी ४,५०० रुपये आहे.

उत्पादन चालू असताना

तीन वेळा डोळे ठेवायचे. कापड आल्यावर: रोलची तपासणी, जीएसएम, आणि मंजूर छटेशी तुलना. लायक्राचं कापड रोलमध्ये ताणलेलं असतं. कापण्याआधी ते उलगडून निदान २४ तास मोकळं ठेवायला हवं. घाईत ही पायरी गळते, आणि मग कापलेला एम शिवेपर्यंत एस होतो. दुसऱ्यांदा, लाईनवरून पहिले वीस-तीस नग उतरल्यावर. चूक इथे सापडली तर सुधारते. तिसऱ्यांदा, निदान ८० टक्के माल पॅक झाल्यावर.

शेवटची तपासणी डोळ्यांना वाटेल तशी करू नका. एक्यूएल नावाची ठरलेली पद्धत आहे: थोडे नग तपासून, किती दोषांपर्यंत लॉट चालेल ते तक्त्यावरून ठरवायचं. २८१ ते ५०० नगांच्या लॉटमधून ५० नग तुम्ही स्वतः, वेगवेगळ्या खोक्यांतून काढायचे. मोठ्या दोषांसाठी २.५ ची पातळी धरली तर तीनपर्यंत दोष चालतात, चौथा निघाला की लॉट नापास. लहान दोषांना ४.० धरलं तर पाच चालतात, सहाव्याला नापास. भोक, उसवलेली शिवण, चुकलेलं माप हे मोठे दोष; लोंबणारा दोरा लहान. कोणता दोष कशात मोडतो, ही यादी ऑर्डरसोबतच द्या. लॉट नापास झाला तर फॅक्टरीने सगळा माल पुन्हा तपासून, दुरुस्त करून परत समोर ठेवायचा.

लेबलकडे शेवटच्या आठवड्यात पाहू नका. साईझ, कापडाचा तपशील आणि धुण्याच्या सूचना आत हव्यात. पॅकबंद विकणार असाल तर वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वस्तूचं नाव, नगसंख्या, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क पाकिटावर लागतो. मानेला टोचणारं विणलेलं लेबल घामात असह्य होतं. आतून छापलेलं बरं.

वेळेचा हिशोब उलट मोजा. जिममध्ये नवे सदस्य जानेवारीत येतात, तर माल डिसेंबरच्या सुरुवातीला हातात हवा. नमुन्यांना सहा आठवडे, कापड आणि रंगाईला तीन-चार, शिलाईला दोन-तीन. म्हणजे सुरुवात ऑगस्टमध्ये करायला हवी, कारण मध्ये दिवाळी आणि छठ येते, कामगार गावी जातात आणि लाईन रिकाम्या पडतात. जानेवारीच्या मध्याला पोंगल असतो. त्या आठवड्यात तिरुपूरमधून काही निघेल अशी अपेक्षा धरू नका.

माल आला, विकला गेला, की लगेच पुढची ऑर्डर देण्याआधी एक काम करा. कापडाचा लॉट क्रमांक, मंजूर लॅब डिप, पीपी नग आणि परत आलेल्या कपड्यांच्या तक्रारी साईझवार एका फाईलमध्ये ठेवा. दुसऱ्या ऑर्डरचा काळा पहिल्या काळ्याशी जुळवायचा असेल, तर रंगाईवाला पहिल्यांदा तो तुकडाच मागणार आहे.